आपल्या घरच्या बाया नव्वदी गाठतात

सगुणा, आधी मी तुझ्यावर रागावणार आहे. रडायचं ते मग रडेन.

तुझी तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी परतले, मांडवाचे बांबू ज्याचे त्यानं नेले. तुझ्या विणायच्या मागावर कोसा-रेशमाचं अर्धं लुगडं तसंच ताणलेलं आहे. त्यावर मी जुनं धोतर टाकून ठेवलं, मला पाहवत नव्हतं. आज पहिल्यांदा घरात कोणी नाही. तुझा भाऊ सावली गावच्या बाजाराला गेलाय, एकटा, थैली खांद्याला मारून. तू असतीस तर त्याच्या हातची थैली हिसकून घेतली असतीस आणि "नाना, तू बस बापा" म्हणून त्याला परत खाटेवर बसवलं असतंस.

म्हणून आता विचारते. आपलं ठरलं काय होतं? मागे उरायचं आपण दोघींनी होतं. तुझ्या भावाचं वाईट व्हावं असं कोणाला वाटत होतं, छे, देवा! पण या घरात बाप्ये पन्नाशी पाहत नाहीत आणि बाया नव्वदी गाठतात, हे तूच मला सांगितलं होतंस ना? त्याच्यामागे आपण अंगणात उन्हाला बसणार, बोळक्या तोंडानं गावभरच्या सुनांची उणीदुणी काढणार, हे तूच ठरवलं होतंस ना? मग ही काय तऱ्हा झाली, बाई? तो ठणठणीत आहे, आणि तू गेलीस.

चारचौघांत मी तुला कायम 'सगुणाबाई' म्हणत आले, तुम्ही-आम्ही करत आले. मोठी नणंद पडलीस. पण मागाच्या खोलीचं दार लोटलं की आपण तू-मीवर यायचो, आणि भांडण पेटलं तर त्याच्याही खाली. आज चारचौघं नाहीत. मी लिहायला बसले की पुस्तकासारखी बोलते म्हणून तू हसायचीस, "आली मोठी सातवी पास" म्हणायचीस. आजही हस हवं तर. मला लिहिताना दुसरी भाषा येत नाही.

मी या घरात आले तेव्हा पोरसवदा होते, आणि तू नवऱ्याचं घर सोडून नुकती परत आली होतीस. तो नागपूरच्या गिरणीत कामाला गेला आणि तिथंच दुसरीसोबत राहिला. तू वाट पाहिलीस, आणि एक दिवस पेटी डोक्यावर घेऊन माहेरच्या दारात उभी राहिलीस. तुझे वडील तेव्हा नव्हतेच. चाळिशी ओलांडली न ओलांडली, जेवून उठताना छातीला हात लावून खाली बसले ते उठले नाहीत. त्यांच्या आधी त्यांचे वडील तसेच. दोन्ही काका तसेच. एक नांगरताना, एक झोपेत. तेव्हापासून या घरानं एक रीत धरली, ती अख्ख्या पंचक्रोशीत कुठल्याच कोष्ट्याच्या घरी नव्हती.

आपल्या लोकांत कोसे उकळून मांडीवर सूत काढायचं ते बाईनं, आणि खड्ड्यात पाय सोडून मागावर विणायचं ते बाप्यानं. तुमच्या घरी मात्र सून आली की वर्षाच्या आत तिला मागावर बसवायची. नवरा जिवंत, धडधाकट, शेजारी सुपारी कातरत बसलेला, आणि ही नवी नवरी हिरव्या बांगड्या सावरत धोटा फेकायला शिकते आहे! गावातल्या बाया विहिरीवर बोलायच्या, "यांच्या घरी अंगाची हळद निघायच्या आधी पोरीले रंडकेपण शिकवतात." मला ते ऐकू आलं आणि मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून हमसून हमसून रडले. तू शेजारी उभी होतीस. मला वाटलं, आता पाठीवरून हात फिरवशील.

"रडाचं असन तं तोंड तिकडं कर," तू म्हणालीस. "ताण्यावर पाणी पडून राह्यलं."

अशी तू. मला त्या दिवशी तुझा जीव घ्यावासा वाटला. आणि संध्याकाळी तूच माझ्या पोटऱ्यांना तेल चोळलंस, कारण मागाच्या पावड्या पायानं दाबून दाबून त्या आखडल्या होत्या. चोळता चोळता सांगत होतीस की घाबरू नको, नाना जाईल तेव्हा जाईल, तू उपाशी मरणार नाईस. त्या वेळी तुझा नाना ओसरीवर बसून माझ्याकडे चोरून बघत होता, मिसरूड फुटलेला पोरगा. त्याच्या मरणाची गोष्ट तुम्ही इतक्या सहज करायच्यात, जशी कोणी धान कापणीला येण्याची गोष्ट करतं.

त्याचे लाड तरी काय सांगावेत! दूध आधी त्याला. सांजा, तूप, जे काय असेल ते त्याला. त्यानं ओझं उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही, झाडावर चढायचं नाही, रागावायचं नाही. रागावायचं नाही हे तर तू त्याला इतकं पढवलंस की माझ्याशी भांडायलाही तो उठत नाही. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी त्याला विहिरीवर दोर ओढताना पाहिलं, तर तू धावत गेलीस आणि बादली हिसकलीस. "मी आहो ना! मले काय धाड भरली?" तुला धाड भरत नव्हती हे खरं. धानाचं पोतं तू उचलायचीस. मोहफुलं वेचायला जंगलात तू जायचीस. वाघ दिसला होता एकदा, तर म्हणालीस, "त्यानं मले पाह्यलं आन् त्यालेच कापरं भरलं."

आपलं खरं भांडण या एकाच गोष्टीवर. बाया का जगतात आणि बाप्ये का मरतात? तुझं उत्तर तयार असायचं, "बाईले मराले फुरसत कुठी आहे?" मी म्हणायची, फुरसत नाही तर माझ्या माहेरी माझे आजोबा ऐंशीत अजून गाडी हाकतात ते कसे? तू म्हणायचीस, तुमच्या वडशाकडचं पाणी येगळं. मी म्हणायची, पाणी नाही, हे रक्तात येतं. जसं नाक येतं, रंग येतो, तसं आयुष्य येतं. बापाकडून येतं आणि आईकडूनही येतं. मग तू बोटं मोडून दाखवायचीस, "आजी नव्वदीची होऊन गेली. माय पंच्याऐंशीची. मोठी काकी, लहानी काकी, दोघी ऐंशी पार. एक तरी आपल्या घरची बाई लवकर गेली का? सांग! बाप्याचं रक्त बाप्यात जाते, बाईचं बाईत." आणि वर मला टोमणा, "तुह्यी गोष्ट येगळी. तू बाहेरची. आमच्या घरच्या बायांचं आयुष्य तुले कुठून येईन?"

मी बाहेरची! इतकी वर्षं एका चुलीवर भाकरी भाजून मी बाहेरची. त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तूच आलीस, हातात भाजलेलं सीताफळ, "खा वं, बाहेरचे." मी हसले, काय करणार.

तुझा भाऊ पन्नाशीला आला तेव्हाची मजा आठवते? त्यानं मरायची सगळी तयारी करून ठेवली होती. नवी बंडी शिवली नाही, कारण वापरायला वेळ मिळणार नाही. चांगला पलंग जावयाला देऊन टाकला. दर दिवाळीला अंगणात उभा राहून म्हणायचा, "ही पाहून घेतो, शेवटचीच." आणि बापाचं वय गेलं, काकाचं गेलं, आजोबाचं गेलं, पन्नाशी लागली, आणि हा आपला दोन वेळा जेवून ढेकर देतोय. घरात सगळ्यांचा गोंधळच झाला. तू तर मला कानात म्हणालीस, "काई तरी चुकून राह्यलं. याले डॉक्टरले दाखवू."

मरत नाही म्हणून माणसाला डॉक्टरकडे नेणारं आपलंच घर असेल.

मूल स्टेशनाहून छोट्या रेल्वेनं आपण तिघं चांद्याला गेलो. डॉक्टर तरुण होता, नागपूरकडून नुकता आलेला, बोलायला मऊ. त्यानं नानाच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, श्वास घ्यायला लावला, जिना चढून उतरून या म्हणाला. मग विचारलं, घरात कोण कसं गेलं? तू सगळं सांगितलंस, बाप्यांचं मरण आणि बायांची नव्वदी, अगदी अभिमानानं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "यांना काही झालेलं नाही. यांनी आईचं घेतलंय."

तू मटकन खाली बसलीस आणि पदरानं डोळे पुसलेस. तुला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि तो डॉक्टर तुझ्याकडेच बघत होता. तुझ्या पापण्यांच्या कोपऱ्यांत ते पिवळे ठिपके होते ना, ते. त्यानं विचारलं, हे चरबीचे ठिपके वडिलांनाही होते का? "होते नं," तू म्हणालीस, "मी बापावरच गेलो म्हणते सारं गाव." त्यानं तुला बाकावर बसायला सांगितलं. मी तुझा दंड धरला.

"मले काऊन?" तू हात झटकलास. "आमच्या घरच्या बायांले काई होत नाई, डाक्टरसाहेब."

तेव्हा तो जे बोलला ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलंय. "बाई, बापाकडून येणारं दुखणं मुलगा की मुलगी हे पाहून येत नाही. बाईच्या शरीराला काही वर्षं एक आडोसा असतो, पाळी असते तोवर. का असतो ते आम्हालाही नीट माहीत नाही. पण आडोसा म्हणजे दुखणं नाही असं नव्हे. बसा, दोन मिनिटांचं काम आहे."

पाळीचं नाव परक्या बाप्याच्या तोंडून ऐकलं आणि तू लालबुंद होऊन उठलीस. दवाखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिलीस. मी मागे आले, हातापाया पडले. तू म्हणालीस, "त्याले म्हण, आपल्या मायले तपास."

गाडीत मात्र तू खुशीत होतीस. नाना जगणार होता ना! बल्लारशाकडून येणाऱ्या लोकांना डब्यात सरकवून त्याला खिडकीजवळ बसवलंस. मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, तू बापावर गेलीस, नाना मायवर गेला, एवढं सोपं आहे ते. तू म्हणालीस, "पुस्तकवाले, गप बस. उद्या कपाशीले आंबे लागतीन म्हणशीन." सगळा डबा हसला. नानाही हसला. मूल येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले, आणि उतरताना तू माझी चप्पल शोधून दिलीस.

हे भांडण तिथं थांबलं, सगुणा. तू म्हणशील संपलं. मी म्हणते, थांबलं.

या वर्षीच्या शिवरात्रीला आपण मार्कंड्याच्या महादेवाला गेलो. आपलं नेहमीचं, घरच्या बाप्याला आयुष्य मागायला. आता मागायची गरज नव्हती, पण तू म्हणालीस, देवानं दिलं तं सांगाले जा लागते. वैनगंगेच्या वाळूत दरवर्षी तू पुढे आणि मी मागे धापा टाकत. या वेळी मी मागे वळून पाहिलं तर तू वाळूत बसलेली. म्हणालीस, वाळू तापली आहे. सकाळची वेळ होती, वाळू थंडगार होती. थोड्या वेळानं पुन्हा बसलीस. म्हणालीस, माणसं पाहून राह्यलो. मी तुझ्यासमोर उभी राहून सरळ विचारलं, छातीत दुखतं का? तू माझ्याकडे अशी बघितलीस, जशी मी तुझी चोरी पकडली आहे. मग हसलीस आणि हात पुढे केलास. "वढ मले."

मी ओढलं. तुझा हात घामानं गार झाला होता. देवळापर्यंत तू तो सोडला नाहीस, आणि मीही नाही. इतक्या वर्षांत आपण एकमेकींचा हात धरून कधी चाललो नव्हतो. मला त्या दिवसाची भीतीही वाटते आणि तो दिवस परत परत हवासाही वाटतो. देवळात तू डोळे मिटून बराच वेळ उभी होतीस. काय मागितलंस ते विचारायचं राहिलं.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. तू मागावर होतीस, मी अंगणात कोशांखालचा जाळ सारत होते. धोट्याचा आवाज थांबला. धागा तुटला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. तू दारात आलीस, खांबाला पाठ लावलीस आणि म्हणालीस, "जरा टेकते वं." मी म्हटलं, टेक, चहा ठेवते. पाणी उकळायच्या आत सगळं झालं. तू खांबाला टेकूनच होतीस, डोळे अर्धे मिटलेले. मी तुला दोन वेळा हाक मारली, 'सगुणाबाई' म्हणून, कारण कुंपणापलीकडे शेजारीण उभी होती. मग तिसरी हाक मारली ती नुसती 'सगुणे'. अख्ख्या गल्लीनं ऐकली.

तुझ्या भावाला सांगायला मीच गेले. तो पारावर बसला होता. त्याला कळेचना. "कोण? सगुणा? असं कसं होईन? ती तं बाई आहे." हे एवढंच तो संध्याकाळपर्यंत म्हणत राहिला. ज्याच्या मरणाची तीस वर्षं घरानं वाट पाहिली, तो तुझ्या चितेपुढं उभा राहून लहान पोरासारखा तुला हाका मारत होता.

आणि आता जे सांगायला बसले ते सांगते. तेरवीच्या दिवशी तुझ्या मोठ्या आत्याचा मुलगा सिंदेवाहीहून आला होता, आता तोही म्हातारा झालाय. पंगतीत मी त्याला वाढत होते. तो म्हणाला, "सगुणाबाई आमच्या मायसारख्याच गेल्या. मायही चुलीपुढं बसली होती. जरा टेकते म्हणे." मी भाताचं भांडं हातात धरून उभीच राहिले. विचारलं, केवढ्या होत्या? "पन्नाशी आली नसन." त्याच्या बाजूला तुझ्या दुसऱ्या आत्याची नागभीडची मुलगी बसली होती. ती म्हणाली, "आमची माय आन् आमची मोठी बहीण, दोघी तशाच. बहीण तं पाणी भरता भरता." बोलता बोलता तिनं पापडाचा तुकडा मोडला. तिच्यासाठी ती जुनी गोष्ट होती. पन्नाशीची बाई गेली तर लोक नातवंडं पाहून गेली म्हणतात आणि पुढचा घास घेतात.

सगुणा, या घरच्या लेकी लवकर जात होत्या गं, बाप्यांसारख्याच, थोड्या उशिरानं. पण त्या दुसऱ्याच्या घरी जात होत्या. लेक उंबऱ्याबाहेर गेली की ती किती जगली हे आपण मोजलंच नाही. आणि मेल्याची खबर आली की काही ना काही निघायचं: बाळंतपणांनी पोखरली, सासूनं छळली, तिकडचं पाणी बाधलं. आणि तू बोटांवर मोजायचीस त्या नव्वदीच्या बाया? तुझी आजी देसाईगंजकडची. तुझी माय मूलची. दोन्ही काकी कुठून कुठून आलेल्या. सगळ्या सुना! सगळ्या बाहेरच्या! एकीच्याही अंगात या घरचं रक्त नव्हतं. या घरची लेक होऊन या घरात म्हातारी व्हायला निघालेली तू पहिलीच होतीस, म्हणून आम्हाला पहिल्यांदा दिसलं.

मला हे कळलं तशी मी भांडं तिथंच ठेवून मागाच्या खोलीकडे धावले. तुला सांगायला. खरंच सांगते, तुला सांगायला! इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते, माझ्या हातात असा पुरावा लागला होता की तुला एक शब्द बोलता आला नसता. दार लोटून आत गेले आणि धोतर झाकलेला माग पाहिला. मग मी तिथंच खाली बसले. पंगतीत लोक भात मागत होते आणि मला उठवत नव्हतं. जिंकून काय करू? तू चिडायला हवी होतीस, मला पुस्तकवाली म्हणायला हवी होतीस.

तिथं मला कुसुम शोधत आली. आपली कुसुम. जन्म मी दिला, पण तिला चालायला तू शिकवलंस, आणि ती चालते तुझ्यासारखीच, टाच आपटून. सगळे म्हणतात, आत्याच्याच वळणावर गेली आहे. तिनं माझ्या डोळ्यांना पदर लावला आणि मी तिच्या पापण्यांचे कोपरे पाहायला तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे फिरवलं. तिला वाटलं, माय वेडी झाली.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ब्रह्मपुरीला परत न्यायला निघाला तेव्हा मी वाटेत आडवी आले. म्हटलं, आधी चांद्याला दवाखान्यात, मग सासरी. कुसुम हसली. आणि काय म्हणाली माहीत आहे? "मले काऊन, माय? आपल्या घरच्या बायांले काई होते का?" तुझाच आवाज, सगुणा. तोच हात झटकणं. जावई म्हणाला, धडधाकट बाई आहे, कामाचे दिवस आहेत, उगाच खर्चात पडता. मी कुसुमची पेटी धरून ठेवली.

तेव्हा तुझा भाऊ उठला. ज्याला तू कधी रागावू दिलं नाहीस, तो ओरडला. इतका मोठ्यानं की बैल दावणीला उधळले. "मी उठवली तिले खांबापासून! माह्या हातानं उठवली! आता हिले उठवू का?" मग त्यानं कुसुमची पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला, मूलच्या रस्त्यानं, मागे वळून न पाहता. आम्ही सगळे त्याच्यामागे. भर उन्हात चालला, काही झालं नाही त्याला.

दवाखान्यात तोच डॉक्टर होता. त्यानं मला ओळखलं. "नणंदबाई नाही आल्या?" असं हसून विचारलं. तुझ्या भावानं सांगितलं. डॉक्टरनं टेबलावरची नळी उचलली. मग त्यानं कुसुमला बाकावर बसवलं, आणि कुसुम निमूट बसली. बराच वेळ तपासलं. म्हणाला, आज ठोका बरोबर आहे. पण दुखणं वडिलांच्या घरचं आहे, वडिलांना स्वतःला नसलं तरी त्यांच्यातून लेकीत येऊ शकतं, कदाचित येणारही नाही. दर वर्षी आणा. तूप-लोणी बेतानं. धाप लागली, छाती भरून आली, तर 'जरा टेकते' म्हणून टेकायचं नाही, इथं यायचं. कुसुम गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मूलला आम्ही उतरलो तेव्हा जावई मला म्हणाला, "आणीन, मामी. दर वर्षी आणीन." मी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे. नाही ठेवला तर झोप कशी येईल?

म्हणजे कुसुमचं कोणाला सांगता येत नाही. होईल किंवा होणारही नाही. तुझा भाऊ जगेल. बाजारातून येतोच आहे आता, थैलीत वांगी आणली असतील, किडकी, त्याला निवडता येत नाहीत. आणि मी बाहेरची. माझ्या माहेरी माणसं जगतात. आजोबा त्र्याण्णव होऊन गेले, आजी अजून जात्यावर बसते. तू मला चिडवायला म्हणायचीस ते खरं निघालं: तुमच्या घरचं रक्त माझ्यात नाही, म्हणून नव्वदी माझ्या वाट्याला आली.

पण ती मी तुझ्यासोबत काढणार होते. तुझा भाऊ देवमाणूस आहे, पण त्याच्याशी भांडता येत नाही. एकदा ओरडला आणि आता पुन्हा 'बरं' म्हणून उठून जातो. रात्रीचं वाढताना मी अजून तीन ताटं काढते. विहिरीवर कोणी काही बोललं की मनात ठेवते, तुला सांगायचं म्हणून, आणि ते मनातच साचत जातं. इतकं साचलंय, सगुणा. मला तुझी आठवण येते असं म्हणणं फार थोडं होतं. मला तू हवी आहेस, खोकत, कुरकुरत, मला बाहेरची म्हणत, कशीही.

मला अजून पुष्कळ जगायचं आहे वं. कोणासोबत, तेवढं सांगून जायचं होतंस.